पत्र गेले, पुरवणी राहिली

पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकाला एक अनुभव हटकून येतो. मोडीत लिहिलेला एखादा कागद हाती लागतो, आरंभीच ‘पुरवणी’ हा शब्द असतो आणि मजकूर मध्येच कोठूनतरी सुरू होतो. मूळ पत्रात जे राहून गेले, ते निराळ्या कागदावर लिहून त्याजबरोबर धाडण्याचा तेव्हा प्रघात होता. पुढे पत्राची आणि पुरवणीची ताटातूट झाली, की पुरवणी पोरकी होई. कोणी लिहिली, कोणत्या साली लिहिली, हे सांगणारा सोबतीच हरवलेला! गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवधीत त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. मोठ्या पत्राच्या आधारावाचून अशा कागदाचा काळ ठरविणे किती कष्टाचे असते, हे ते खंड चाळणारास सांगावयास नको.

शहाजीराजांकडे १६३८ नंतर जहागिरीदाखल आलेल्या बंगळुरात मी सरकारी नोकरीनिमित्त राहतो. रुमाल येथे नाहीत, पण पोरक्या पुरवण्या येथेही भेटतात.

नोकरीच्या आरंभी एका कचेरीत मला एक जुना संगणक मिळाला. माझ्या आधीच्या गृहस्थांनी बदली होताच आपला सारा पत्रव्यवहार नीटनेटकेपणाने पुसून टाकला होता. एका कप्प्यात मात्र शेकडो फाइली जशाच्या तशा पडून होत्या. त्यांत एका तलावाच्या मोजणीचा नकाशा होता. तलावाची हद्द कोठवर, यावरून वाद चाललेला, आणि हा नकाशा नेमका त्याच हद्दीचा. तो कोणी पाठविला, अंतिम म्हणून की केवळ कच्चा म्हणून, हे सांगणारे पत्र पुसले गेले होते.

पत्र गेले, तर सहपत्र कसे राहिले? याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ योजनेतील आठ संस्थांत येथील भारतीय विज्ञान संस्था होती. म्हणजे ई-मेल या शहरात आले ते बरेच लवकर. पण त्या काळचे ई-मेल केवळ साधी अक्षरे वाहून नेई. चित्र किंवा नकाशा पाठविण्याची सर्वमान्य रीत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली घालून दिली. तिच्या एका प्रकारात फाइलीचे दर तीन बाइट चार अक्षरांत उतरवितात; त्यामुळे तिचा आकार सुमारे एकतृतीयांशाने फुगतो. पण ती पत्राच्या अंगातच शिवली जाते. पत्र मिटविले की तीही जाते. पुरवणी पत्राच्याच पाठीवर लिहावी, तसा हा प्रकार.

‘युडोरा’ नावाचा कार्यक्रम मात्र वेगळे वागे. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली तो रचला. (टपालकचेरीत जाऊन राहिलेल्या एका स्त्रीची गोष्ट लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या लेखिकेवरून हे नाव पडले, कार्यक्रम रचणाराही थोडा रसिक असावा!) हा कार्यक्रम आलेले सहपत्र उसवून वेगळ्या कप्प्यात ठेवी आणि पत्रात त्याची एका ओळीची नोंद करी. कचऱ्याबरोबर सहपत्रही टाकावे, अशी आज्ञा दिलेली नसेल, तर पत्र गेल्यावरही फाइल उरे. माझ्या कचेरीतील संगणकावर हाच कार्यक्रम होता.

पत्रे पुसण्याची घाई लोकांना का असे, तेही सांगितले पाहिजे. बंगळुरात वाढलेल्या सबीर भाटिया यांनी जॅक स्मिथ यांच्यासह ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ सुरू केले. टपालपेटी फुकट होती, पण तीत जागा अवघी दोन मेगाबाइट! दोनचार छायाचित्रे आली, की जुनी पत्रे काढल्यावाचून गत्यंतर नसे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट देऊ केले, तेव्हा ही ओढ सैल झाली. तोवर कित्येक घरांतील आणि कचेऱ्यांतील पत्रव्यवहार निव्वळ जागेपायी गेला होता.

आपण पुसतो ती केवळ आपली प्रत, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पाठविणाराकडे, इतर पावणारांकडे, कधी यंत्रशाळेतील राखीव साठ्यात ती शिल्लक असू शकते. केंद्र सरकारच्या कागदांना लागू असणाऱ्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकावर निर्माण झालेला मजकूरही अभिलेखांत धरला आहे; तो लहर लागली म्हणून नष्ट करता येत नाही. पण कायद्याचे कलम एकीकडे आणि बदलीच्या दिवशी टेबल स्वच्छ करण्याची हौस दुसरीकडे.

त्या नकाशाचा मी माग काढला. पाठविणाराकडील प्रत मिळाली असती, तर प्रश्न सुटला असता. पण त्यांचा संगणकही मोडीत निघाला होता. अखेर नकाशा छापून घेतला, कोठे आणि केव्हा सापडला ते त्याच्या पाठीवर लिहिले, खाली सही केली आणि नस्तीत लावला. लिहिताना ओळीच्या आरंभी, सवयीने नव्हे तर जाणूनबुजून, ‘पुरवणी’ असा शब्द घातला.