पोकेमॉनचा हिशेब: २००३ मध्ये पकडलेला पोकेमॉन आजच्या गेममध्ये कसा पोहोचतो?

समजा, २००३ मध्ये एका मुलानं गेमबॉय ॲडव्हान्सवर 'पोकेमॉन रूबी' खेळताना राल्ट्स नावाचा पोकेमॉन पकडला. तोच राल्ट्स आज निन्टेंडो स्विचवरच्या 'पोकेमॉन स्कार्लेट' या गेममध्ये आणता येतो. त्याच्यासारखा दुसरा नाही, अगदी तोच. त्याला पकडणाऱ्याचं नाव आणि ओळख क्रमांकही त्याच्याबरोबर येतात.

पण या प्रवासासाठी किमान तीन कन्सोल आणि चार गेम लागतात. शिवाय अशी दोन ॲप लागतात, जी आता नव्यानं घेताच येत नाहीत.

म्हणूनच पोकेमॉनचा संग्रह करणाऱ्यांसाठी 'किती पकडले' हा प्रश्न पुरेसा नसतो. कोणता पोकेमॉन कुठल्या गेममध्ये आहे, तिथून तो पुढे जाऊ शकतो का आणि पुढे गेला तर परत येईल का, याचाही हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब नेमका कसा चालतो, ते समजून घेऊया.

एकाच गेममध्ये सगळे पोकेमॉन का मिळत नाहीत?

याचं उत्तर पहिल्याच गेममध्ये आहे. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये 'पोकेमॉन रेड' आणि 'पोकेमॉन ग्रीन' हे दोन गेम एकाच दिवशी आले. ते बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीचे संस्थापक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा छंद होता. दोन गेमबॉय जोडणारी केबल पाहून त्यांना कल्पना सुचली की, हे गोळा केलेले जीव एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेले तर?

त्यामुळे दोन्ही गेममध्ये काही पोकेमॉन मुद्दाम वेगळे ठेवले गेले. उदाहरणार्थ, रेडमध्ये एकान्स पकडता येतो, पण सँडश्रू मिळत नाही. तो हवा असेल तर दुसरा गेम असलेला मित्र शोधायचा, केबल जोडायची आणि अदलाबदल करायची. कडाब्रासारख्या काही पोकेमॉनचं तर अदलाबदल केल्याशिवाय पुढच्या रूपात रूपांतरच होत नाही.

म्हणजे संग्रह एकट्यानं, एकाच गेममध्ये पूर्ण होऊ नये, अशीच रचना पहिल्यापासून होती.

पहिल्या गेममध्ये १५१ पोकेमॉन होते. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'नंतर ते २५१ झाले. पुढे ३८६, ४९३, ६४९, ७२१ असा आकडा वाढत गेला. जानेवारी २०२४ मध्ये 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये पेचारंट आला आणि राष्ट्रीय यादी, म्हणजे 'नॅशनल डेक्स', १,०२५ वर पोहोचली.

'लिव्हिंग डेक्स' म्हणजे काय?

गेममधल्या पोकेमॉनच्या नोंदवहीला 'पोकेडेक्स' म्हणतात. एखादा पोकेमॉन एकदा हातात आला की त्याची नोंद कायमची होते. नंतर तो दुसऱ्याला दिला, सोडून दिला किंवा त्याचं रूपांतर झालं, तरी नोंद पुसली जात नाही.

इथेच हिशेबात घोळ होतो. राल्ट्स वाढून किर्लिया झाला आणि किर्लियाची गार्डेव्हॉर झाली, तर नोंदवहीत तीन खुणा दिसतात. हातात मात्र एकच पोकेमॉन असतो.

यावर चाहत्यांनी काढलेला मार्ग म्हणजे 'लिव्हिंग डेक्स'. यात प्रत्येक क्रमांकाचा पोकेमॉन एकाच वेळी प्रत्यक्ष साठ्यात असावा लागतो. राल्ट्स, किर्लिया आणि गार्डेव्हॉर तिन्ही हवे असतील, तर तीन वेगळे पोकेमॉन लागतात.

गेममध्ये साठवणीसाठी 'बॉक्स' असतात. एका बॉक्समध्ये ३० जागा, म्हणजे सहाच्या पाच ओळी. त्यामुळे क्रमवार मांडणी केली, तर १,०२५ पोकेमॉनना ३५ बॉक्स लागतात आणि शेवटच्या बॉक्समध्ये फक्त पाच उरतात.

या मांडणीचा मोठा फायदा आहे. पिकाचूचा क्रमांक २५, म्हणून तो पहिल्या बॉक्समध्ये शेवटच्या ओळीत सुरुवातीला. राल्ट्सचा क्रमांक २८०, म्हणून तो दहाव्या बॉक्समध्ये दहाव्या जागी. जागा रिकामी दिसली की कोणता पोकेमॉन कमी आहे, हे वेगळं शोधावं लागत नाही.

काही जण याच्याही पुढे जातात. कुणी प्रत्येक पोकेमॉनची वेगवेगळी रूपं जमवतं. एकट्या अनोनचीच २८ रूपं आहेत. कुणी फक्त वेगळ्या रंगाचे, म्हणजे 'शायनी' पोकेमॉन गोळा करतं. जुन्या गेममध्ये शायनी दिसण्याची शक्यता ८,१९२ मध्ये एक होती. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'पासून ती ४,०९६ मध्ये एक झाली.

कोणता पोकेमॉन कुठून आला, हे कसं कळतं?

प्रत्येक पोकेमॉनबरोबर त्याची माहितीही प्रवास करते. त्याला मुळात पकडणाऱ्या खेळाडूचं नाव, त्या खेळाडूचा ओळख क्रमांक, कोणत्या चेंडूत पकडला आणि कोणत्या भाषेच्या गेममध्ये पकडला, हे सगळं त्यात असतं. अदलाबदल झाली तरी मूळ नाव बदलत नाही.

२००२ च्या 'रूबी' आणि 'सफायर'पासून प्रत्येक पोकेमॉनला एक छुपा आकडाही मिळू लागला. त्याच्या सुमारे ४२९ कोटी शक्यता आहेत. स्पिंडा या पोकेमॉनच्या चेहऱ्यावरचे ठिपके याच आकड्यावरून ठरतात. त्यामुळे हुबेहूब सारखे दोन स्पिंडा सापडणं जवळजवळ अशक्य आहे.

'एक्स' आणि 'वाय'पासून पोकेमॉनच्या माहितीत मूळ गेमची खूणही दिसू लागली. या दोन गेमच्या पिढीसाठी पंचकोन आहे, तर 'पोकेमॉन गो'मधून आलेल्यांसाठी वेगळं चिन्ह आहे. २००३ च्या राल्ट्सला मात्र अशी कोणतीच खूण नसते. जाणकारांसाठी हीच त्याच्या जुनेपणाची ओळख ठरते.

सध्या हे सगळं एकत्र ठेवण्याचं ठिकाण म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये आलेलं 'पोकेमॉन होम'. ते मोबाइल आणि स्विच दोन्हींवर चालतं. मोफत खात्यात ३० पोकेमॉन मावतात, तर वर्गणी भरल्यावर सेवेच्या सुरुवातीपासूनच ६,००० ची सोय देण्यात आली. राष्ट्रीय यादी मोबाइल ॲपमध्ये पाहता येते आणि ती पूर्ण करणाऱ्याला मूळ रंगातला मॅजिअर्ना बक्षीस मिळतो.

तरीही अनेक चाहते स्वतःची एक्सेल शीट ठेवतात. कारण होमची यादी 'हा पोकेमॉन नोंदला गेला आहे' एवढंच सांगते. तो आता होममध्ये आहे, स्विचच्या गेममध्ये आहे की कपाटातल्या जुन्या कार्ट्रिजमध्ये, हे शीटमध्येच लिहावं लागतं.

राल्ट्सचा प्रवास, पायरी पायरीनं

पहिली पायरी: रूबीचं कार्ट्रिज निन्टेंडो डीएस किंवा डीएस लाइटमध्ये घालायचं. गेमबॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजचा खाचा याच दोन मॉडेलमध्ये आहे. त्यानंतरच्या डीएसआयमध्ये तो काढून टाकला गेला.

दुसरी पायरी: त्याच डीएसमध्ये 'डायमंड', 'पर्ल' किंवा त्या पिढीचा दुसरा गेम लावायचा आणि 'पाल पार्क'मधून एका वेळी सहा पोकेमॉन आणायचे. ते पुन्हा रूबीत नेता येत नाहीत.

तिसरी पायरी: दुसऱ्या कन्सोलवर 'ब्लॅक' किंवा 'व्हाइट'सारखा गेम लावून पोकेमॉन त्यात पाठवायचे. इथे दुसरं कन्सोल म्हणून थ्रीडीएस चालतं. हाही एकेरी रस्ता आहे. शिवाय या दोन्ही पायऱ्यांसाठी आधी संबंधित गेम बराच पुढे खेळलेला असावा लागतो.

चौथी पायरी: थ्रीडीएसवरचं 'पोके ट्रान्सपोर्टर' ॲप ब्लॅकमधला पहिला बॉक्स उचलून 'पोकेमॉन बँक'मध्ये ठेवतं. बँक म्हणजे ३,००० पोकेमॉन साठवणारी ऑनलाइन सेवा. ती जपानमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये आणि इतर अनेक देशांत २०१४ मध्ये सुरू झाली.

पाचवी पायरी: बँकेतून होममध्ये. यासाठी होमची वर्गणी लागते आणि इथूनही मागे जाता येत नाही.

शेवटची पायरी: होममधून 'स्कार्लेट'मध्ये.

म्हणजे राल्ट्स जिथे निघाला, तिथे तो कधीच परतत नाही. हिशेब ठेवताना पुढे पाठवायचं बटण दाबण्याआधी विचार करावा लागतो, तो यामुळेच.

कोणते दरवाजे बंद झाले?

पहिला दरवाजा २००२ मध्येच बंद झाला. 'रूबी' आणि 'सफायर'मध्ये पोकेमॉनची माहिती साठवण्याची पद्धत बदलली आणि आधीच्या 'रेड', 'गोल्ड' या गेमशी जोडणीच ठेवली नाही. त्या मूळ कार्ट्रिजमधल्या पोकेमॉनना पुढे आणण्याचा अधिकृत मार्ग आजही नाही.

त्यांच्यापुढे आणखी एक अडचण आहे. त्या कार्ट्रिजमधला सेव्ह एका छोट्या बॅटरीवर टिकतो. बॅटरी संपली की संग्रहही जातो. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, त्यामुळे ती आणखी लवकर संपते. रूबीचं तसं नाही. त्यातला सेव्ह बॅटरीविना टिकतो, बॅटरी संपली तर फक्त घड्याळ थांबतं. म्हणून आपला राल्ट्स अजून सुरक्षित असू शकतो.

दुसरा धक्का जून २०१९ मध्ये बसला. 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये सगळे पोकेमॉन आणता येणार नाहीत, असं निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केलं. या गेमच्या मूळ यादीत ४०० पोकेमॉन होते. चाहत्यांनी नाराजीनं या निर्णयाला 'डेक्झिट' असं नाव दिलं. तेव्हापासून संपूर्ण संग्रह एका गेममध्ये मावत नाही. तो एकत्र दिसतो फक्त होममध्ये.

तिसरा दरवाजा अर्धा बंद आहे. २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद झालं. बँक आणि ट्रान्सपोर्टर आधी घेतलेले असतील तर ते वापरता येतात आणि बँक आता मोफत आहे. पण ज्यांनी ती वेळेत घेतली नाहीत, त्यांच्यासाठी रस्ता तिथेच संपतो. एप्रिल २०२४ मध्ये थ्रीडीएसची बाकीची ऑनलाइन सेवाही थांबली. बँक चालू ठेवण्यात आली, पण ती एका बंद झालेल्या कन्सोलवरची सेवा आहे. ती थांबली, तर २००२ ते २०१७ दरम्यानच्या गेमच्या मूळ कार्ट्रिजमधले पोकेमॉन आहेत तिथेच अडकतील.

'पोकेमॉन गो' खेळणाऱ्यांचं काय?

भारतात अनेकांचा संग्रह कन्सोलवर नाही, मोबाइलवर आहे. 'पोकेमॉन गो' डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या साथीनं भारतात आला. नोव्हेंबर २०२० पासून गोमधले पोकेमॉन होममध्ये पाठवता येतात. मात्र गेलेला पोकेमॉन गोमध्ये परत येत नाही. खास कार्यक्रमांत मिळालेले टोपी किंवा पोशाख घातलेले बरेच पोकेमॉन पाठवताही येत नाहीत.

संग्राहकांच्या जगात भारताचा पत्ता मात्र कामाचा आहे. विव्हियॉन या फुलपाखराच्या पंखांवरची नक्षी ठिकाणानुसार बदलते आणि गोमध्ये ती दुसऱ्या प्रदेशातून आलेल्या पोस्टकार्डांवरून मिळते. भारताच्या बऱ्याच भागातून गेलेल्या पोस्टकार्डांची नक्षी आहे 'मान्सून'. त्यामुळे इथल्या खेळाडूंना परदेशातून मैत्रीच्या विनंत्या आल्या, तर नवल नाही.

संग्रह सांभाळायचा तर आधी काय करावं?

- जुनी कार्ट्रिज असतील तर ती आधी चालू करून पाहावीत. सेव्ह आहे की नाही, हे कळल्याशिवाय पुढचं नियोजन करता येत नाही.

- थ्रीडीएस असेल तर त्यात बँक आणि ट्रान्सपोर्टर आहेत का, हे तपासावं. ते असलेलं कन्सोल रिसेट करण्याआधी किंवा विकण्याआधी दोनदा विचार करावा.

- शीटमध्ये प्रत्येक पोकेमॉनपुढे क्रमांक, मूळ खेळाडूचं नाव, कोणत्या गेममध्ये पकडला आणि आता कुठे आहे, हे चार रकाने तरी असावेत.

- पाठवण्याआधी रस्ता एकेरी आहे का, ते पाहावं. काही पोकेमॉन आठवण म्हणून जुन्या गेममध्येच ठेवायचे असतील, तर त्यांची नोंद वेगळी करावी.

- होमची वर्गणी संपण्याची तारीख लिहून ठेवावी. ती संपली की फक्त पहिल्या बॉक्समधले ३० पोकेमॉन हाताळता येतात. म्हणून सगळ्यात जवळचे पोकेमॉन त्याच बॉक्समध्ये ठेवावेत.

२००३ मध्ये राल्ट्स पकडणारा तो मुलगा आता तिशीत असेल. राल्ट्सला पुढे आणायचं की रूबीतच राहू द्यायचं, हे तो अजून ठरवू शकतो. बँक बंद झाली, तर हा निर्णय त्याच्या हातात राहणार नाही.