कोल्हापूरचा देशी कॅमेरा आणि समीपदृश्ये

कोल्हापूरच्या चित्रपटधंद्याचे मूळ नाटकाच्या पडद्यांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस संगीत नाटक कंपन्यांना राजवाडे, उद्याने आणि अरण्ये रंगवलेले पडदे सतत लागत. मिस्त्री घराण्यातील आनंदराव आणि बाबूराव या भावांनी या कामात नाव कमावले आणि लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणूनच ओळखू लागले. बाबूरावांचा जन्म 1890 मध्ये कोल्हापुरातच झाला. नाटकाचा पडदा लांबून पाहण्यासाठी असतो. खांबाची गोलाई, कमानीखालची सावली, दूर जाणारी वाट हे सारे सपाट कापडावर रंगाने उभे करायचे, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते खरे वाटले पाहिजे. दोन हातांवरून पाहिले तर तेच काम कुंचल्याच्या ढोबळ फटकाऱ्यांसारखे दिसते. पुढे याच घराण्याने कॅमेरा हाती घेतला तेव्हा जवळून दिसण्याचा प्रश्न प्रथम उभा राहिला. कोल्हापूरच्या मूकपटांचा बराच इतिहास त्या प्रश्नाची एकेक बाजू सोडवण्याचा आहे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये झळकला आणि दोघे भाऊ चित्रपटाकडे ओढले गेले. काही काळ त्यांनी चित्रपट दाखवण्याचा धंदा केला, पण ओढ होती ती चित्रपट काढण्याची. परदेशी कॅमेरा महाग होता आणि महायुद्धामुळे विलायती माल मिळणेही दुरापास्त झाले होते. यंत्रकामात डोके चालणाऱ्या आनंदरावांनी कॅमेरा घरीच बनवण्याचा घाट घातला. प्रोजेक्टरची रचना त्यासाठी उपयोगी होती, कारण प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांत फीत सरकवण्याची युक्ती जवळजवळ एकच असते. हे काम पुरे होण्याआधीच, 1916 मध्ये, आनंदराव वारले. बाबूरावांनी ते सोडले नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने 1918 मध्ये कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीची उभारणीही याच सुमारास झाली. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे बळ दिले आणि छत्रपती शाहू महाराजांचे प्रोत्साहन लाभले.

अशा कॅमेऱ्यात सर्वांत कठीण भाग फीत ओढणाऱ्या नख्यांचा. दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण 8 चौकटी घेतल्या जात. सेकंदाला दोन फेरे या चालीने 16 चौकटी होत, म्हणजे एक फूट फीत. प्रत्येक चौकटीसाठी फीत थांबते, झडप उघडते, प्रकाश पडतो, झडप मिटते आणि नख्या छिद्रांत अडकून फीत पुढे ओढतात. 35 मिलिमीटर फितीवरची चौकट सुमारे 24 मिलिमीटर रुंद असते. सोळा फुटी पडद्यावर ती दोनशे पट मोठी होते. त्यामुळे फीत प्रत्येक वेळी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने जरी चुकली, तरी पडद्यावर चित्र दोन सेंटिमीटर हलते. लेथवर भाग कातणाऱ्याच्या हाताची परीक्षा इथे होते.

दुसरी परीक्षा भिंगाची. दूरच्या वस्तूसाठी भिंग फितीपासून आपल्या नाभीय अंतरावर असते. वस्तू जवळ आली की भिंग पुढे सरकवावे लागते. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने वस्तूचे फितीवर तिच्याएवढेच चित्र हवे असेल, तर भिंग फितीपासून 100 मिलिमीटरवर आणि वस्तू भिंगापासून तेवढ्याच अंतरावर लागते. त्यात फितीवर पोहोचणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. शिवाय फोकसची खोली झपाट्याने घटते. त्या काळी रूढ असलेले 50 मिलिमीटरचे भिंग एफ 3.5 वर उघडून चार मीटरवरचा नट टिपला, तर सुमारे सव्वा मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. हेच अंतर एक मीटर केले की तो पट्टा चार बोटांवर येतो. नाकाचा शेंडा स्पष्ट असेल तर कान पुसट होतो, आणि नटाने मान किंचित पुढे केली तरी चेहरा फोकसमधून निसटतो. म्हणून नवे भिंग हाती आले की दुधी काचेवर चित्र पाहायचे, फितीने अंतर मोजून भिंगाच्या कड्यावर खुणा करायच्या आणि फिल्मचा छोटा तुकडा धुऊन त्या खुणा खऱ्या ठरतात का ते तपासायचे, असा छायालेखकांचा क्रम असे.

मराठी मुलखात अगदी जवळून केलेल्या चित्रणाचा एक नमुना याआधीचा आहे. फाळके यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, आणि चित्रपटाला भांडवल मिळवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकट-चौकट करून टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ते चित्रण ओळखले जाते. एका मिनिटाच्या दृश्याला सुमारे 960 चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीच्या वेळी कॅमेरा, कुंडी आणि फोकस जागचे हलता कामा नयेत, हे त्यातले खरे कसब.

कोल्हापूरच्या देशी कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ चित्रित झाला आणि 1920 मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. या कंपनीत नाटकी संकेत एकेक करून मागे पडले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली होती. ‘सैरंध्री’मध्ये गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा स्त्रिया कॅमेऱ्यासमोर आल्या. रंगमंचावर पुरुषाने वठवलेली नायिका प्रेक्षक आनंदाने मानून घेत, पण भिंग दाढीची निळसर झाक मानून घेत नाही. हीच गोष्ट नेपथ्याची. रंगवलेला खांब जवळून खांब वाटत नाही, आणि नट पुढून चालत गेला की त्याची खरी सावली आणि रंगवलेली सावली यांचे भांडण होते. पडदे रंगवण्यात हयात घालवलेल्या बाबूरावांनीच सपाट पडदा बाजूला सारून खोली असलेले, घडीव सेट उभे केले. दृश्य चित्रित करण्याआधी त्याची रेखाचित्रे काढण्याची त्यांची सवय होती. नट, वस्तू आणि भिंग यांतले अंतर त्यामुळे आधीच कागदावर ठरत असे.

फिल्मचेही स्वतःचे नखरे होते. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू, लाल ओठ आणि लाल शालू काळे उमटत, तर निळे आकाश पांढरे पडे. लांबच्या दृश्यात हे खपून जाई, पण जवळच्या चेहऱ्यावर त्वचेचा प्रत्येक तांबूस डाग गडद होई. म्हणून रंगभूषा आणि कपडे डोळ्याला कसे दिसतात यापेक्षा फिल्मला कसे दिसतात, हे पाहून निवडावे लागत. प्रकाश मुख्यतः उन्हाचा. ऊन सौम्य करायला वर कापड ताणत आणि सावलीची बाजू उजळायला चकचकीत फळ्या धरत. ‘सिंहगड’ या 1923 च्या चित्रपटात कृत्रिम प्रकाश वापरून बाबूरावांनी उन्हाचे बंधन सैल केले. पुढे 1925 मध्ये आलेल्या ‘सावकारी पाश’मध्ये प्रकाशाला कथेइतकेच महत्त्व मिळाले. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी शेतकरी उभा केला. अंधुक प्रकाशातली झोपडी आणि जवळ विव्हळणारे कुत्रे हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले.

दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे सारे बाबूरावांच्या हाताखाली तयार झाले. 1929 मध्ये त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ने तिने बोलपटात पाऊल टाकले आणि 1933 मध्ये ती पुण्याला गेली. त्याच वर्षी प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढून घेण्यासाठी शांताराम जर्मनीला गेले होते. दुसऱ्या वर्षी आलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन यांनी साकारलेल्या राजगुरूचा डोळा पडद्यावर आला. हे समीपदृश्य टेलिफोटो भिंगाने घेतले होते, आणि भारतीय चित्रपटात या भिंगाच्या पहिल्या वापराचा मान सहसा त्यालाच दिला जातो. छायालेखन धायबर यांचे होते.

भिंग लांबच का हवे, हे हिशेबाने कळते. माणसाचा डोळा साधारण तीन सेंटिमीटर रुंद. चौकटभर डोळा घ्यायचा, तर फितीवर तो जवळजवळ मूळ आकाराचा उमटला पाहिजे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने त्यासाठी नटाच्या चेहऱ्यापासून अकरा-बारा सेंटिमीटरवर यावे लागते. इतक्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली चेहऱ्यावर पडते आणि नट बुजतो. दोनशे मिलिमीटरच्या भिंगाने तेवढेच चित्र चौपट अंतरावरून मिळते आणि मधल्या जागेत दिवा लावता येतो. फोकसची खोली मात्र इतक्या मोठ्या चित्रात कोणत्याही भिंगाने फारशी वाढत नाही. छिद्र लहान करावे तर प्रकाश वाढवावा लागतो.

स्थिरचित्रणासाठी खास जवळचे फोकस साधणारे मॅक्रो भिंग बाजारात आले ते 1955 मध्ये, किलफिट कंपनीच्या माक्रो-किलारच्या रूपाने. आज फुलातले पुंकेसर किंवा किड्याचा डोळा टिपणारे 100 मिलिमीटरचे मॅक्रो भिंग हाच हिशेब पाळते: नाभीय अंतर जितके मोठे, तितकी वस्तूपासून मोकळी जागा अधिक. पुण्यातल्या प्रभातच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि छायालेखनाचे जे शिक्षण कोल्हापुरात गुरूच्या हाताखाली मिळत असे, ते तिथे अभ्यासक्रमातून मिळू लागले. कोल्हापुरात भालजी पेंढारकर यांच्या जयप्रभा स्टुडिओने चित्रपटांचा धंदा पुढे चालू ठेवला. बाबूराव पेंटर 1954 मध्ये निवर्तले.