चंद्रद्रोण पर्वतावरील दत्तपीठ आणि दर्गा

चिकमंगळूर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथम ऐकले ते १९७८ च्या पोटनिवडणुकीमुळे. त्या निवडणुकीत इंदिरा गांधी तेथून लोकसभेवर निवडून आल्या आणि कर्नाटकातील हा डोंगराळ जिल्हा एकाएकी देशाच्या नकाशावर ठळक झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी त्याच गावच्या न्यायालयात एक दिवाणी दावा दाखल झाला. त्याची वार्ता कर्नाटकाबाहेर फारशी कोणाच्या कानी गेली नाही. निवडणूक इतिहासजमा झाली. दाव्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र पुढे चार दशकांहून अधिक काळ न्यायालये आणि मंत्रिमंडळे यांच्यापुढे येत राहिला. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आणि ज्या गुहेसंबंधी तो उपस्थित झाला ती गुहा हा आहे.

चिकमंगळूरच्या उत्तरेस घोड्याच्या नालाच्या आकाराची एक पर्वतरांग पसरली आहे. तिला पुराणप्रिय लोक चंद्रद्रोण म्हणतात, तर भूगोलाच्या पुस्तकांत तिचे नाव बाबा बुडन असे आहे. कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी याच रांगेत आहे. रांगेतील एका डोंगरावर खडकात एक गुहा असून तीत पादुका आहेत, नंदादीप आहे आणि त्याच परिसरात सूफी फकिरांची थडगीही आहेत. हिंदू भाविकांची श्रद्धा अशी की, हे गुरु दत्तात्रेयांचे आसन. ते या गुहेत अंतर्धान पावले आणि येथूनच पुन्हा प्रकट होतील. मुसलमान भाविक मानतात की, हे दादा हयात मीर कलंदर यांचे स्थान. इस्लामच्या अगदी आरंभकाळी ते अरबस्तानातून येथे आले. सतराव्या शतकात बाबा बुडन या फकिराने येथे वास्तव्य केले व डोंगराला त्यांचे नाव मिळाले. आजूबाजूच्या खेड्यांतील कित्येकांनी याहून सोपा मार्ग काढला होता. त्यांच्या लेखी दत्तात्रेय आणि दादा हयात हे एकच.

बाबा बुडन यांचे नाव भारतभर झाले ते कॉफीमुळे. अरब व्यापारी कॉफीचे सजीव बी देशाबाहेर जाऊ देत नसत. हजहून परतताना बाबांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या व या डोंगरउतारावर लावल्या, अशी कथा आहे. काळ साधारण १६७० चा सांगतात. सात हा आकडा कथेला शोभणारा आहे, त्यासाठी कागदोपत्री पुरावा मागण्यात अर्थ नाही. परंतु भारतातील कॉफीची लागवड या डोंगरांतून पसरली, हे सर्वमान्य आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपियन मळेवाले आले आणि त्यांनी हे उतार कॉफीच्या मळ्यांनी भरून टाकले. दक्षिणेत नोकरीनिमित्त राहून चहा सोडून कॉफीची सवय लावून घेतलेल्या आपल्या मराठी कुटुंबांवरही या फकिराचे ऋण आहेच!

दत्त आणि फकीर यांचे हे एकत्र नांदणे मराठी वाचकाला परके वाटू नये. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्या परंपरेत दत्तात्रेय मलंगाच्या वेषात दर्शन देतात. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले यांची दौलताबादची समाधी दर्ग्याच्या घडणीची आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य. गुरुचरित्रात तर बिदरचा मुसलमान राजा गाणगापुरी नृसिंहसरस्वतींच्या चरणी येतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी दत्त संप्रदायाचा आणि मुसलमान मराठी संतकवींचा जो शोध घेतला, त्यातून हे धागे पुष्कळ उकलले आहेत. चांद बोधले हे सूफींच्या कादरी शाखेचे समजले जातात आणि चंद्रद्रोणावरील गादीचे वंशपरंपरागत अधिकारीही ‘शाह खादरी’, म्हणजे कादरीच, म्हणवतात. यावरून एकदम मोठा सिद्धांत बांधण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी खास आहे.

आता व्यवस्थेकडे वळू. या स्थानाला राजाश्रय होता, इनाम जमिनी होत्या. पायथ्याच्या नव्हे, थेट वरच्या गावाचेच नाव ‘इनाम दत्तात्रेय पीठ’ असे आहे. गादीवर सज्जादानशीन शाह खादरी, तो मुसलमान. तो किंवा त्याने नेमलेला मुजावर पादुकांवर फुले वाही, नंदादीप लावी, हिंदूंना तीर्थ आणि मुसलमानांना तबर्रुक देई. होळीनंतर उरूस भरे. म्हैसूर संस्थानात देवस्थानांचा कारभार मुजराई खात्याकडे असे व हे स्थानही त्याच खात्याच्या दप्तरात होते. त्या दप्तरातील नाव पाहावे : श्री गुरु दत्तात्रेय बाबा बुडनस्वामी दर्गा. एका नावात दत्तात्रेय, बाबा, स्वामी आणि दर्गा असे चार शब्द शेजारी शेजारी बसलेले होते आणि कोणाही कारकुनाला त्यांतील एखादा खोडावासा वाटला नव्हता.

हे सारे अगदी निर्मळ बंधुभावाचे चित्र होते, असे मात्र समजू नये. गादीचा अधिकार एका घराण्याकडे होता, उत्पन्नही होते, आणि जेथे उत्पन्न तेथे कुरबूर असायचीच. गुहेत येणारा हिंदू तीर्थ घेऊन जाई, पण म्हणून तो फकिराच्या घरी जेवत असे असे नव्हे. सलोखा होता तो एका ठरावीक कृतीपुरता आणि एका ठरावीक जागेपुरता. माझ्या मते त्याचे बळही तेथेच होते. ही जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून त्याचे उत्तर देण्याची पाळी कोणावर आली नव्हती.

तो प्रश्न प्रथम विचारला तो कोणत्याही मोर्चाने नव्हे, कचेरीने. १९५४ च्या वक्फ कायद्यानंतर राज्योराज्यी वक्फ मिळकतींच्या याद्या झाल्या. १९७५ मध्ये शासनाने हे स्थान मुजराई खात्याकडून काढून वक्फ मंडळाकडे दिले. सारी हयात सरकारी फाइलींत गेलेल्या माझ्यासारख्याला ही प्रक्रिया नीट उमजते. तक्त्यात एक रकाना असतो व त्या रकान्यात एकच शब्द मावतो. शेकडो संस्थांच्या बाबतीत तो शब्द बिनचूक बसतो. एखाद्या संस्थेच्या बाबतीत तो लिहिताक्षणीच अर्धी वस्तू रकान्याबाहेर पडते.

१९७८ चा दावा या आदेशाविरुद्ध होता. १९८० मध्ये चिकमंगळूरच्या जिल्हा न्यायालयाने वक्फ मंडळाकडील हस्तांतर रद्द ठरवले. हे स्थान हिंदू व मुसलमान दोघांचेही श्रद्धास्थान असून जून १९७५ पूर्वी जी वहिवाट होती ती पुनः चालू करावी, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९९१ मध्ये वरच्या न्यायालयांतही तो टिकला. मध्यंतरी, १९८९ मध्ये, धर्मादाय आयुक्तांनी चौकशी करून ती वहिवाट कोणती याची कलमवार नोंद केली. तीर्थ कोणी द्यावे, दिवा कोणी लावावा, उरूस केव्हा, हे सारे कागदावर आले.

न्यायालयाचा हा दृष्टिकोन मला फार शहाणपणाचा वाटतो. जागा कोणाची, यापेक्षा तेथे काय चालत आले, हे त्याने पाहिले. अशा संस्थांबद्दल न्यायव्यवस्थेने याआधीही समंजसपणा दाखवला आहे. कल्याणजवळच्या हाजी मलंगचे वंशपरंपरागत विश्वस्त केतकर हे ब्राह्मण घराणे. त्या संस्थेचा वाद १९५०च्या दशकाच्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ती संमिश्र स्वरूपाची असून तिला तिची स्वतःची रूढी लागू आहे, हेच सूत्र स्वीकारले गेले. पण म्हणून मलंगगडावर शांतता नांदली असेही नाही. १९८०च्या दशकात तेथे मच्छिंद्रनाथांच्या समाधीचा दावा सांगत आंदोलन सुरू झाले.

याच्या उलट तंजावर राज्यातील नागूरचे उदाहरण पाहावे. सोळाव्या शतकातील सूफी शाहूल हमीद यांच्या त्या दर्ग्याचा सर्वांत उंच मनोरा, सुमारे १३१ फुटांचा, तंजावरच्या भोसले घराण्यातील प्रतापसिंह महाराजांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधविला. तेथे आजही हिंदू मोठ्या संख्येने नवस फेडतात. नागूरला दर्गा हा दर्गाच आहे. हिंदू तेथे जातो तो पाहुणा, भक्त किंवा दाता म्हणून. चंद्रद्रोणावर आणि मलंगगडावर मात्र आसनावरील व्यक्तीलाच दोन नावे आहेत. तेथे कोणीही पाहुणा नाही, आणि म्हणूनच तेथील सलोखा अधिक अद्भुत आणि अधिक नाजूक.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चंद्रद्रोणाला दक्षिणेची अयोध्या म्हणण्याची मोहीम सुरू झाली. दत्तजयंतीला शोभायात्रा, दत्तमाळा, बाहेरगावाहून येणारे हजारो कार्यकर्ते; उलट बाजूस कर्नाटकातील लेखक, कलावंत आणि पुरोगामी संघटना यांचे सौहार्द मेळावे. डोंगरावर भाविकांपेक्षा पोलीस अधिक दिसावेत अशी वर्षे आली. २०१७ च्या दत्तजयंतीला काही थडग्यांची मोडतोड झाली. दत्ताच्या नावाने हे व्हावे, याचे दत्तभक्त घरात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला अतिशय दुःख झाले. त्याबरोबर हेही म्हटले पाहिजे की, दत्तपीठाचा हक्क मागणारे सारेच दंगेखोर नव्हते. आमच्या देवाची पूजा आमच्या पद्धतीने, आमच्या अर्चकाकडून व्हावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. अडचण एवढीच की, तिची पूर्तता होताच दुसरा पक्ष तसाच हक्क तशाच शब्दांत मागतो.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय राज्य शासनावर सोपवला. २०१८ मध्ये शासनाने १९८९ ची नोंद ग्राह्य धरून गुहेतील विधी मुजावराकडे ठेवले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. हिंदूंना त्यांच्या पद्धतीने पूजा करण्यास त्यामुळे प्रतिबंध होतो, असे त्याला दिसले. २०२२ मध्ये नव्या शासनाने व्यवस्थापन समिती नेमली, अर्चक आणि मुजावर दोघांचीही तरतूद केली, आणि त्या वर्षीची दत्तजयंती अर्चकांच्या हस्ते झाली. शाह खादरींनी याविरुद्ध अपील केले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले.

ही दोन पुजाऱ्यांची व्यवस्था कागदावर न्याय्य दिसते. पूर्वी मात्र एकच हात दोघांना देत होता, एकाला तीर्थ म्हणून आणि दुसऱ्याला तबर्रुक म्हणून. आता हात दोन झाले आहेत. कोणी गुहेत केव्हा शिरावे, नंदादीपात तेल कोणी घालावे, उरुसाच्या दिवशी पादुकांपाशी कोणी उभे राहावे, हे दरवर्षी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरवावे लागेल, आणि त्या बैठकीचे इतिवृत्त लिहिणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल मला आतापासूनच सहानुभूती वाटते.