लिओंटिन प्राइस यांची रंगभूमी

ऑपेरा गायिका लिओंटिन प्राइस यांचा जन्म १९२७ साली मिसिसिपी राज्यातील लॉरेल गावी झाला. वडील लाकडाच्या गिरणीत कामगार, आई सुईण. न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड संस्थेत शिक्षण झाल्यावर १९५२मध्ये ‘पोर्गी अँड बेस’मधील बेसच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. १९५५मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी ‘तोस्का’ गायली; कृष्णवर्णीय गायिका नायिका म्हणून नको, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतील काही केंद्रांनी ते प्रसारण दाखवलेच नाही. पुढे व्हिएन्नात कारायानसारख्या संगीत-संचालकाचा पाठिंबा लाभला. १९६०मध्ये मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात त्या ‘आइदा’ म्हणून उभ्या राहिल्या.

२७ जानेवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘इल त्रोवातोरे’मधून त्यांचे पदार्पण झाले. प्रयोग संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट अर्ध्या तासाहून अधिक चालला. १९६६मध्ये याच संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन संगीतकार सॅम्युएल बार्बरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ने झाले. रंगमंचावरील अवजड यंत्रणा आणि डोळे दिपवणारी सजावट यांत संगीत हरवले. क्लिओपात्राच्या भूमिकेतील प्राइस यांचे गाणे मात्र उणे पडले नाही.

‘आइदा’ आणि ‘इल त्रोवातोरे’चा संगीतकार वर्दी याच्या नायिका हे त्यांचे खरे घर. खालच्या स्वरांत धुरकट, वर चढताना उजळत जाणारा असा तो आवाज होता. ३ जानेवारी १९८५ रोजी ‘आइदा’मधूनच त्यांनी ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला. आइदाचे मायदेशाच्या आठवणीचे गाणे संपताच प्रेक्षागृह दणाणले आणि त्या कितीतरी वेळ भूमिका न सोडता, भरल्या डोळ्यांनी स्तब्ध उभ्या होत्या.