सूचनापेटीत चिठ्ठी टाकण्याआधी

कानाला हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनो आणि ऐकायला जमत नाही म्हणून इथे वाचायला येणाऱ्यांनो, आजचा भाग एका लाकडी पेटीचा आहे. वर चीर, पुढे कुलूप, आणि जिन्याजवळच्या भिंतीवर टांगलेली सूचनापेटी. आता ती पेटी ॲपमध्ये गेली, गूगल फॉर्ममध्ये गेली. पण मजकूर तोच: ‘तुमची कल्पना सांगा, प्रत्येकाचं मत मोलाचं आहे.’

अशा वेळी सगळ्यात खालच्या खुर्चीवरच्या माणसाच्या डोक्यात काय येतं? तो विचार करतो, ‘मी सांगितलेल्या युक्तीने तिघांचं काम दोघांत व्हायला लागलं, तर तिसऱ्याचं काय होणार? आणि तो तिसरा मीच निघालो तर?’

माझं म्हणणं असं, की कामगारांकडून येणाऱ्या नव्या कल्पनांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. चार ठिकाणी जाऊन बघू.

पहिलं ठिकाण स्कॉटलंडमधलं डम्बार्टन. इथे विल्यम डेनी अँड ब्रदर्स ही जहाजं बांधणारी कंपनी होती. प्रसिद्ध ‘कटी सार्क’ जहाजाचं अर्धवट राहिलेलं काम हिनेच पुरं केलं. १८८० साली या कंपनीने एक योजना काढली. कामगाराने नवं हत्यार शोधलं, जुन्या यंत्रात सुधारणा केली किंवा कामाची सोपी रीत दाखवली, तर एक समिती ती तपासणार आणि रोख बक्षीस देणार. कामगारांच्या कल्पनांना ठरवून पैसे देणाऱ्या पहिल्या योजनांमध्ये हिचं नाव घेतलं जातं. यातली खरी गोष्ट बक्षिसाची नव्हती. हातात हातोडा धरणाऱ्याला डोकंही असतं, हे कंपनीने कागदावर मान्य केलं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

दुसरं ठिकाण आपलंच, मुंबईचं गिरणगाव. साल १९२८. इथे मात्र सुधारणा वरून आली. काही गिरणीमालकांनी, विशेषतः ससून गटाच्या गिरण्यांनी, ‘एफिशियन्सी’ नावाची पद्धत आणली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, सूतकताईवाल्याने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. जास्त काम करणाऱ्याला पगारही थोडा जास्त. ऐकायला काय वाईट आहे?

पण कामगाराचा हिशोब पक्का होता. सहा मागांवर आधी तीन माणसं लागायची, आता दोन पुरणार. म्हणजे तिसऱ्याने कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या गावची वाट धरायची. एप्रिलमध्ये संप पेटला आणि थेट ऑक्टोबरपर्यंत चालला. जवळजवळ दीड लाख कामगार बाहेर होते. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली.

शाळेत आपण हा संप ‘मजुरीसाठीचा लढा’ म्हणून वाचतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कुठला माग कधी अडतो, कुठल्या सुताचा धागा जास्त तुटतो, हे मागावर उभ्या असलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार? पण ते ज्ञान मालकाला द्यायचं म्हणजे शेजारच्या भावकीतल्या माणसाची भाकरी काढून द्यायची. मग तो कशाला तोंड उघडेल? लोक म्हणायचे, कामगार सुधारणेला विरोध करतो. त्याचा विरोध सुधारणेचं बिल आपल्या नावावर फाडलं जाण्याला होता.

तिसरं ठिकाण जपान. टोयोटा आज मोटारींसाठी ओळखली जाते, पण या घराण्याची सुरुवातही मागापासूनच झाली. सुताराचा मुलगा असलेल्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग तयार केला, की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्यांचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला.

१९४९-५० मध्ये जपानात मंदी आली. गाड्या खपेनात, कंपनी बुडायच्या बेतात. आधी ‘कुणाला काढणार नाही’ म्हटलेल्या कंपनीने कपात जाहीर केली. मोठा संप झाला. शेवटी सुमारे २ हजार लोक बाहेर पडले, आणि स्वतः किइचिरो यांनीही अध्यक्षपद सोडलं. काही दिवसांत कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याने ट्रक मागवले आणि कंपनी तगली.

त्याच उन्हाळ्यात किइचिरो यांचे चुलतभाऊ एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले. तिथे त्यांना कामगारांच्या सूचना गोळा करायची पद्धत दिसली. १९५१ मध्ये ती टोयोटात सुरू झाली. म्हणजे बघा, कल्पना फोर्डची, पण गाजली टोयोटाची. ४० वर्षांत टोयोटाच्या कामगारांनी दिलेल्या सूचनांचा आकडा २ कोटींवर गेला! यातल्या बहुतेक अगदी बारीक होत्या. हत्याराची जागा बदला, दोन पावलं कमी चाला, एवढ्याच.

पेटी तीच असताना फरक कशाने पडला? दोन गोष्टींनी. एक, सूचना तपासून लवकर अमलात यायची आणि ज्याची सूचना त्याला उत्तर मिळायचं. दुसरी जास्त महत्त्वाची. १९५० च्या जखमेनंतर कायम कामगारांची नोकरी शाबूत ठेवायची, असं कंपनीने धोरण धरलं, आणि १९६२ मध्ये व्यवस्थापन आणि युनियनने एकमेकांवरच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आता ‘तिसऱ्याचं काय?’ या प्रश्नाला उत्तर होतं: तिसरा दुसऱ्या कामाला लागेल, घरी जाणार नाही.

कुणी म्हणेल, जपानी माणूसच वेगळा. म्हणून चौथं ठिकाण, अमेरिकेतलं कॅलिफोर्निया. फ्रीमॉन्टमध्ये जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, आणि काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही, हा नियम. गाडी चुकीची जोडली जातेय हे दिसत असलं तरी ती पुढे जाऊ द्यायची. १९८२ मध्ये तो बंद पडला.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने मिळून सुरू केला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. बदललं काय? लाइनच्या डोक्यावर एक दोरी आली. अडचण दिसली की कुणीही ती ओढायची. टीम लीडर धावत यायचा, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबायची. साकिचींच्या मागाला जो हक्क होता, तो आता माणसाला मिळाला! शिवाय करारात लिहिलं होतं, की माणसं कमी करण्याआधी वरच्या साहेबांचे पगार कापले जातील. पुढे विक्री घसरली, तेव्हा कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला बसवलं. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. माणसं तीच होती, मंडळी.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही टोयोटाची जाहिरात व्हायची. टोयोटाच्या हंगामी कामगारांना ते नोकरीचं कवच कधीच नव्हतं. आणि सुधारणेच्या बैठका, सूचना लिहिणं, हे काम तासांनंतर ‘स्वेच्छेने’ चालायचं. २००२ मध्ये टोयोटाचा एक तरुण कामगार अतिकामाने गेला. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने सांगितलं, की या बैठकाही कामच आहेत. त्यानंतर कंपनीने त्या वेळेचे पैसे द्यायचं ठरवलं. फ्रीमॉन्टचा कारखानाही २०१० मध्ये बंद झाला आणि हजारो लोकांची नोकरी गेली. आज त्या जागी टेस्लाच्या गाड्या बनतात.

म्हणून पुढच्या वेळी ऑफिसात ‘आयडिया द्या’ असा मेल आला, तर तीन गोष्टी बघा. उत्तर किती दिवसांत येतं? विचार करायला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरतात का? आणि कल्पनेने वाचलेल्या पैशाचं आणि माणसाचं काय होतं? तुम्ही स्वतः टीम लीड असाल, तर ही तीन उत्तरं आधी लिहून काढा, पेटी नंतर टांगा. बाकी कल्पना लोकांकडे असतातच. मागावरच्या त्या विणकराकडेही होत्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.