कपबशी आणि वस्तरा

१८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी आले, ऊस पिकू लागला. बारामती-इंदापूरच्या बाजारात पैसा खुळखुळला, पुढे हॉटेले निघाली. पैसा साऱ्यांचा सारखाच. कपबशी मात्र नव्हे! महाराष्ट्रात खेडोपाडी अस्पृश्य गिऱ्हाइकाचा कप बाहेर वेगळा असे, तो त्यानेच विसळायचा. न्हावी तर त्याच्या दाढीला वस्तराच लावीत नसे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत प्रश्न निघाला, ‘दुकान’ म्हणजे नेमके काय? डॉ. आंबेडकरांनी केशकर्तनालयाचेच उदाहरण दिले : येईल त्याची सेवा करायला जो बसला, त्याचे ते दुकान. १९५५ च्या कायद्याने हॉटेलातली भांडीही सर्वांना खुली केली. कप त्या मानाने लवकर बदलला. फुटला की नवा आणावाच लागतो. वस्तऱ्याला फार वर्षे लागली.