जलजन्य आंत्रपरजीवी (पनवेल परिसर)

दूषित पाण्यावाटे पोटात जाऊन आतड्यात वाढणाऱ्या परजीवींमुळे होणारे विकार. एंटअमीबा हिस्टॉलिटिका, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे त्यांतील मुख्य प्रजीव. अमीबाच्या आमांशात मुरडा येऊन आव-रक्त पडते. क्वचित यकृतात गळू होते. जिआर्डियाने पोट फुगते, जुलाब तेलकट होतात, मुलांची वाढ खुंटते.

रोग्याच्या विष्ठेतून हे प्रजीव मुख्यतः पुटीच्या (कवचबंद अवस्थेच्या) रूपात पसरतात. कवचामुळे पुटी ओलाव्यात कित्येक दिवस तग धरते आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिनच्या नेहमीच्या मात्रेला सहसा दाद देत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम तर मुळीच देत नाही : १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यानेच सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पुटी अडते ती तुरटीने गाळ बसवून पाणी वाळूच्या थरातून नीट गाळल्याने. मरते ती उकळीने.

पनवेलच्या जुन्या शहराला गाढी नदीवरील देहरंग धरणाचे पाणी मिळते. धरणात गाळ साचला आहे, उन्हाळ्यात साठा खालावतो आणि अनेकदा पाणी दिवसाआड येते. खरा धोका या पाणीकपातीत आहे. पाणी बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो. गटाराजवळचा जोड गळका असेल तर सांडपाणी आत ओढले जाते. नळ आल्यावर पहिली कळशी गढूळ भरते ती अनेकदा यामुळेच. केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी अशा रीतीने वाटेत नासते, म्हणून जोडांची दुरुस्ती ही क्लोरिनइतकीच निकडीची मानायला हवी.

मालडुंगे-धोदाणीकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांची अडचण वेगळी. उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रात खणलेल्या डवऱ्यातून पाणी वाटीवाटीने उपसून हंडा भरावा लागतो. गावच्या विहिरीत जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, ऑर्थोटोलिडीन (ओटी) चाचणीत पाणी पिवळे झाले की क्लोरिन आहे असे ठरते. स्रोतांच्या पाहणीनंतर धोक्याच्या प्रमाणानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही व्यवस्था पटकीच्या व इतर जिवाणूंवर उपयोगी आहे, पण ओटीचा पिवळा रंग पुटींविषयी काहीच सांगत नाही. पाणी उकळावे हा सल्ला बरोबर असला तरी मजुरीवर जगणाऱ्या घराला रोजचे सरपण परवडेलच असे नाही, आणि त्याचा दोष त्या घरावर टाकणे अन्यायाचे आहे. उकळण्याऐवजी फडक्याने गाळूनही येथे भागत नाही. नारू या कृमिरोगाच्या वेळी ते पुरले, कारण त्याचा वाहक सायक्लॉप्स डोळ्यांना दिसण्याइतका मोठा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. अमीबाची पुटी जेमतेम १० ते १५ मायक्रोमीटरची, ती फडक्यातून सहज पार होते.

निदानासाठी ताजे शौच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुटी रोज पडत नसल्याने वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने तपासणे चांगले. आमांशावर मेट्रोनिडाझोल देतात, पण आतड्याच्या पोकळीतील पुटी त्याने पुरत्या जात नाहीत; त्यासाठी पुढे डायलोक्झॅनाइड द्यावे लागते. हा टप्पा राहून गेला, तर बरा वाटणारा माणूस पुटी पसरवत राहतो. कोकणात आवेवर कुड्याची साल देण्याची जुनी चाल आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी जंतांसाठी असते. तिने अमीबा जात नाही. गोळी घेतलेल्या मुलाला आव पडू लागली, तर त्याचे शौच तपासून घ्यावे.